माथेरानचा पाहुणचार
मोटारींना मज्जाव असलेल्या आणि २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलेल्या माथेरानात माकडांना मात्र चिक्की, वेफर्स आणि शीतपेयांचा रतीब बिनबोभाट चालू असतो. पिशवी दिसली की खाऊ मिळतो, हे वारंवारच्या अनुभवातून प्राण्याच्या अंगवळणी पडते. या शिकण्याला मानसशास्त्रात ‘अभिसंधान’ म्हणतात, आणि पुण्य जोडू पाहणारा पर्यटक हे शिक्षण हातात केळे धरून विनामूल्य देतो. त्याच माकडाने चिक्कीचा पुडा हिसकावून कागदासकट फाडला, की त्याच पुण्यवंताला वनखात्याची निष्क्रियता आठवते. माकडाने भयाने दात विचकले तरी त्याला ते हसू वाटते आणि सेल्फीसाठी तो आणखी जवळ सरकतो. चाव्यानंतर रेबीजची लस मात्र त्यालाच टोचून घ्यावी लागते.