दणकेकाका

आमच्या मजल्यावरच्या काकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सोसायटी त्यांना 'दणकेकाका'च म्हणते. उभी नोकरी त्यांनी एका प्रश्नात घालवली: घन पदार्थ नि भुकट्यांच्या मिश्रणाला मायक्रोसेकंदात दणका बसला, तर ते किती दबेल, किती तापेल? प्रत्यक्ष दणके थोडे, कागदावरचेच फार.

परवा काकू बेसनाचे लाडू वळत होत्या. काकांनी एक उचलून दोन बोटांत दाबला. "हेच हर्मनने १९६९ साली मांडलं, पी-अल्फा मॉडेल. आधी पोकळ्या मिटतात, मग दाणे दबतात. अल्फा म्हणजे भुसभुशीतपणा. तो एकावर आला की माल भरीव."

"एकावर आला तर लाडू फोडायला बत्ता लागेल," काकू म्हणाल्या.

काका माझ्याकडे वळले. "अरे, तांब्याच्या भरीव तुकड्याला लाख वातावरणांचा धक्का दे. शंभर अंशही चढत नाही. त्याच तांब्याची भुकटी घे, निम्मी हवा असलेली. तोच धक्का, आणि तापमान हजाराच्या वर! भुकटी जास्त आकसते ना. दाब गुणिले आकसणं, त्याचं निम्मं, एवढी ऊर्जा आत जिरते." मग आवाज उतरवून, "आपले सेक्रेटरी मीटिंगमध्ये का तापतात, कळलं?"

चिवड्याची बशी आली, तशी मिश्रणाची पाळी आली. "पोहे, दाणे, डाळं. प्रत्येकाचं त्या दाबाखालचं आकारमान काढायचं, वजनाच्या हिशोबाने मिळवायचं. दाब सगळ्यांचा पटकन सारखा होतो. तापमान मात्र ज्याचं त्याचं. उष्णतेला शेजारी जायला वेळच मिळत नाही." सोसायटीचं पाणी गेलं, त्या दिवशी मला हे पटलं: दाब सगळ्यांवर सारखा, तापणं ज्याचं त्याचं.

काका स्वतः कधी तापत नसत. पण पाडव्याला स्वयंपाकघरातून आरोळी आली. लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा १९८० चा ह्युगोनिओंचा, म्हणजे दणक्यांच्या आकड्यांचा, जाडजूड ग्रंथ काकूंनी ताटलीसकट चक्क्यावर ठेवला होता, पाणी निथळायला. काकांचे कान लालबुंद.

"अहो, एवढे तापलात?" काकू शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे पोकळी होतीच तर!"

काका गप्प झाले. मग पुस्तक न उचलता वाकून त्यांनी चक्क्याची उंची बोटांनी मोजली.

"अजून अर्धा तास राहू दे," म्हणाले. "अल्फा बराच आहे."