दीक्षारंभ : स्वरूप, पूर्वतयारी आणि अहवाल

नवप्रवेशित विद्यार्थ्यांना विद्यापीठाची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमास 'दीक्षारंभ' म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्याच्या आदल्या वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकीच्या नमुना अभ्यासक्रमात असा तीन आठवड्यांचा कार्यक्रम सक्तीचा केला होता. कल्पना मूळची गांधीनगरच्या आयआयटीची. तेथे २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांचे नियमित तास पाच आठवडे पुढे ढकलून त्यांना खेळ, कला, परिसरभेटी आणि गप्पा यांत रमवण्याचा प्रयोग सुरू झाला. पाच आठवड्यांचे तीन झाले, जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत तिनाचा एक दिवस झाला, आणि त्या दिवसाचा पूर्वार्ध प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात जातो. पुढील विवेचन उरलेल्या उत्तरार्धाचे आहे.

पूर्वतयारीचा प्रारंभ परिपत्रकाने होतो. परिपत्रकावर 'अत्यंत तातडीचे' असा शेरा असतो आणि ते आवक विभागातून विद्यार्थी विकास अधिकाऱ्याच्या टेबलावर येईपर्यंत कार्यक्रमाची तारीख परवावर आलेली असते. तातडीने बैठक होते. बैठकीत स्वागत, मंडप, अल्पोपहार, प्रसिद्धी, शिस्त आणि अहवाल अशा समित्या स्थापन होतात. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त असल्याने एकच प्राध्यापक चार समित्यांत असतो, आणि स्वागत समितीचा निमंत्रक या नात्याने तो अल्पोपहार समितीच्या निमंत्रकास, म्हणजे स्वतःस, पत्र देतो. पत्राची पोच फाइलला लागते. प्रत्यक्ष काम तासिका तत्त्वावरील प्राध्यापक करतात. त्यांना मानधन तासिकेप्रमाणे मिळते आणि खुर्च्या मांडणे ही तासिका धरली जात नाही, त्यामुळे खर्चाच्या दृष्टीने ही पद्धत आदर्श मानली जाते.

तारीख ठरवताना प्रवेशप्रक्रियेचा विचार करू नये, असा संकेत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्या चालू असतानाच दीक्षारंभ उरकला जातो. सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांनी 'बेटरमेंट', म्हणजे अधिक पसंतीच्या जागेची वाट पाहण्याचा पर्याय, निवडलेला असतो. पुढच्या फेरीत ते दुसऱ्या महाविद्यालयात जातात आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांचा दीक्षारंभ दुसरीकडे होऊन गेलेला असतो. अशा रीतीने जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला कोणत्या ना कोणत्या संस्थेची ओळख होते. ती त्याचीच संस्था असावी, अशी अट परिपत्रकात नसते.

साहित्यात फ्लेक्सचे स्थान पहिले. सुज्ञ संस्था दरवर्षी नवा फ्लेक्स छापत नाहीत. गेल्या वर्षीचाच काढून साल व पाहुण्यांचे नाव यांवर पांढरा कागद चिकटवतात. पंख्याखाली हा कागद एका कोपऱ्यातून सुटतो आणि नव्या पाहुण्यांच्या छातीवर जुन्या पाहुण्यांचे आडनाव डोकावू लागते. नवा फ्लेक्स छापल्यास त्यावर कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, संस्थाध्यक्ष, सचिव, प्राचार्य या क्रमाने छायाचित्रे येतात. एखाद्या अधिसभा सदस्याचे छायाचित्र लहान झाल्यास कार्यक्रम पुढे ढकलण्यापर्यंत वेळ येते, म्हणून मुद्रित प्रत रात्री व्हॉट्सॲपवर सर्वांना दाखवून घेतात. 'दीक्षारंभ' या शब्दातला 'दी' त्यात हमखास ऱ्हस्व छापलेला असतो. तो कोणी पाहत नाही, कारण प्रत्येक जण आपले छायाचित्र पाहत असतो.

प्रमुख पाहुण्यांच्या निवडीत विषयाचे ज्ञान हा निकष नसतो, सवड हा असतो. निमंत्रणपत्रिकेवर दहाची वेळ असते, विद्यार्थ्यांना साडेनऊला बसवतात आणि पाहुणे बाराच्या पुढे येतात. मधला वेळ सूत्रसंचालकाच्या चारोळ्यांनी, माइकच्या 'हॅलो, चेक'ने आणि मागच्या रांगा पुढे आणण्याच्या सूचनांनी भरून काढतात. पाहुणे आल्यावर राज्यगीत, विद्यापीठ गीत, दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि परिचय होतो. परिचय पाहुण्यांनी स्वतःच लिहून पाठवलेला असतो आणि तो ऐकताना त्यांना संकोच वाटल्याचे ते भाषणाच्या आरंभी सांगतात. भाषणात मोबाइलचे दुष्परिणाम आणि त्यांच्या काळी मैलोन्‌मैल पायी जावे लागे ही माहिती, हे दोन भाग अनिवार्य आहेत. भाषण चालू असताना व्यासपीठावरील मान्यवर मोबाइल पाहतात.

यानंतर शैक्षणिक सत्र येते. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी आणि ओजेटी हे सर्व विद्यार्थ्यास एका स्लाइडवर समजावून देतात. स्लाइडवरचा मजकूर शेवटच्या रांगेतून दिसत नाही, पहिल्या रांगेतून समजत नाही. व्याख्यानाच्या १५ तासांचा एक क्रेडिट, एवढे गणित बहुतेकांच्या लक्षात राहते. बहुप्रवेश आणि बहुनिर्गमन हा भाग मात्र सविस्तर सांगतात : एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. ज्याला ग्रंथालय कोठे आहे हे अद्याप कळलेले नाही, त्यास बाहेर पडण्याचे तीन मार्ग पहिल्याच दिवशी ज्ञात होतात.

रॅगिंगप्रतिबंधाचे सत्र गांभीर्याने घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्येच त्यासाठी कायदा केला. दोन वर्षांपर्यंतचा कारावास, दहा हजार रुपयांपर्यंतचा दंड आणि दोष सिद्ध झाल्यास महाविद्यालयातून काढून टाकण्याची तरतूद त्यात आहे. आयोगाचे विनियम २००९ चे आहेत. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइनही आहे. एखाद्याला सर्वांसमोर लाजेने मान खाली घालावी लागेल असे काही करायला लावणे म्हणजे रॅगिंग, असे सत्रात समजावून सांगतात. लगेच पुढील सत्र 'आइस ब्रेकिंग'चे असते. त्यात खेड्यातून आलेल्या मुलीला व्यासपीठावर बोलावून इंग्रजीत परिचय द्यायला, मग गाणे म्हणायला आणि शेवटी एका पायावर उभे राहायला सांगतात. हे सत्र प्राध्यापक घेत असल्याने ते कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा सर्वसाधारण समज आहे.

विद्यार्थी आणि त्यांच्यासोबत आलेले पालक यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात : वसतिगृहाची यादी कधी लागणार, बोनाफाइड कोणत्या खिडकीवर मिळते, महाडीबीटीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला किती दिवस अडकतो, शेवटची एसटी कितीला आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षणशुल्क राज्याने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले. तरीही प्रवेशाच्या वेळी भरायला लावलेली रक्कम परत कधी मिळणार, हा प्रश्न बापाच्या ओठांवर असतो. प्रश्नोत्तरांसाठी पत्रिकेवर दहा मिनिटे राखीव असतात. पाहुण्यांना पुढील कार्यक्रमास जायचे असल्याने ती आभारप्रदर्शनात वर्ग होतात. आभार मंडपवाल्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सर्वांचे मानले जातात आणि 'आपण शांतपणे ऐकून घेतले' याबद्दल विद्यार्थ्यांचेही. पसायदानाने सांगता होते. अल्पोपहाराची रांग पसायदान संपण्यापूर्वीच लागते. पाहुण्यांसाठी काजू प्राचार्यांच्या दालनात असतात, उपमा बाहेर असतो.

कार्यक्रमाचा परमोच्च बिंदू म्हणजे छायाचित्र. नॅक मूल्यांकनात केवळ सांगून भागत नाही, पुरावा लागतो आणि पुरावा जिओटॅग केलेला लागतो. त्यासाठी प्रत्येक प्राध्यापकाच्या मोबाइलमध्ये जीपीएस कॅमेऱ्याचे ॲप असते. छायाचित्राच्या तळाशी छोटा नकाशा, अक्षांश, रेखांश, दिनांक आणि वेळ आपोआप उमटते. यातील वेळेने अहवाल समित्यांची मोठी अडचण केली. अहवालात उद्घाटन १० वाजता आणि छायाचित्रात समई पेटते आहे १२ वाजून ४७ मिनिटांनी. खालची पट्टी कापावी तर अक्षांश जातो, ठेवावी तर वेळ दिसते. यावर आता तोडगा निघाला आहे. ठीक दहाला रिकाम्या व्यासपीठाचे आणि भरलेल्या खुर्च्यांचे एक छायाचित्र काढून घेतात आणि त्याखाली 'उद्घाटनप्रसंगी एकाग्रतेने श्रवण करणारे विद्यार्थी' असे लिहितात.

हजेरीपट, अभिप्रायपत्रे आणि बिले जोडल्यावर अहवाल पूर्ण होतो. अभिप्रायपत्रे शेवटच्या रांगेतील चार मुलांकडून वेगवेगळ्या पेनांनी भरून घेतात. सर्व अभिप्राय 'उत्कृष्ट' या रकान्यात असतात. एखादा 'चांगला'वर ठेवावा, म्हणजे संशय येत नाही, असे अनुभवी निमंत्रक सांगतात. अहवाल अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे जातो आणि पुढल्या वर्षी दिनांक बदलण्यासाठी जपून ठेवला जातो.

दीक्षारंभाची फलनिष्पत्ती कमी लेखू नये. रांगेत उभे राहणे, न वाचता सही करणे, पाहुण्यांची वाट पाहणे आणि सांगितल्यावर टाळ्या वाजवणे ही पुढील तीन वर्षांची चारही कौशल्ये विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी प्राप्त होतात. कागदावरचे तीन आठवडे खरोखर देणारी, मुलांना शहर, ग्रंथालय आणि एक तरी नावाने ओळखणारा शिक्षक दाखवणारी संस्था अपवादाने आढळते. तिचे अहवाल तुलनेने पातळ असतात.

नवप्रवेशितांसाठी एक सूचना शिल्लक आहे. बोनाफाइडची खिडकी दीक्षारंभाच्या दिवशी बंद असते, कारण बाबूसाहेब मंडप समितीत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या आत जावे. फीची पावती आणि आधारची झेरॉक्स न्यावी, सुटे पैसे बरोबर ठेवावेत.