मु. पो. झरी, ता. जि. परभणी

परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत झरी लागते. अशा गावात पाकिटावर नाव आणि 'मु. पो.' एवढं असलं की पत्र पोचतं. एकाच नावाचे दोघं असले तरी पोस्टमन अडत नाही. त्यातला भजनातला कोणता आणि पत्त्यांच्या डावातला कोणता, हे त्याला पाठ असतं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलकडं असा पोस्टमन नाही.

बँक असो की ट्रॅक्टरला कर्ज देणारी फायनान्स कंपनी, ती प्रत्येक कर्जाची एक ओळ तयार करते. त्यात नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाइल, मंजूर रक्कम, बाकी आणि हप्ता किती दिवस थकला, एवढं सगळं येतं. ही फाइल देशातल्या चार पतमाहिती कंपन्यांकडं जाते. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशी त्यांची नावं, पण गावानं चौघींना मिळून सिबिलच ठरवलंय. पूर्वी फाइल महिन्याला जायची, २०२५च्या जानेवारीपासून ती पंधरवड्याला जाऊ लागली.

ओळ कोणाच्या खात्यावर बसवायची, ते तिकडचा संगणक तपशील जुळवून ठरवतो. आता आमच्याकडं भावकीचं आडनाव एक, आजोबाचं नाव नातवाला, पत्ता अख्ख्या गावाचा एकच, आणि शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली जन्मतारीख बहुतेकांची १ जून! त्यात पॅनचा एखादा आकडा चुकला, की एकाच्या ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता दुसऱ्याच्या माथी बसू शकतो. तो बिचारा अजून बैलानंच नांगरत असतो.

कर्ज मागितलं की बँक या कंपन्यांकडं चौकशी करते आणि त्या चौकशीचीही नोंद होते. हे थेट सोयरिकीसारखं. मुलगा एका ठिकाणी बघून आला तर ठीक. महिन्याभरात पाच घरचे पोहे खाऊन आला, की सहाव्या घरी आधी विचारतात, 'पाचांनी का सोडला?' तसेच सिबिलच्या अहवालातले गुणही घसरतात, एकानंही कर्ज दिलेलं नसताना. सोयरिकीतला मध्यस्थ निदान नामानिराळा राहतो. जामीनदाराला तीही सोय नाही. चहाच्या ओशाळेपणात सही करून तो विसरून जातो, आणि मित्राची थकबाकी याच्याही अहवालात दिसू लागते.

'कोणाचा एक पैसा देणं नाही' असं मिशीला पीळ देऊन सांगणाऱ्यांची तर वेगळीच गंमत. गुण ३०० ते ९०० या दरम्यान मिळतात, पण ते कधी कर्ज काढलेल्यांना. आयुष्यात ऋण काढलं नाही, म्हणून यांच्या अहवालात ऋण एक! नुसत्या या कारणानं पहिलं कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय, हा त्यातल्या त्यात दिलासा.

कर्जाच्या ओळीतला थकबाकीचा रकाना दिवस मोजतो, कारण विचारत नाही. सोयाबीन ऐन काढणीत पाण्यात गेलं, मोंढ्यात भाव पडला, की माणूस मुळातच चिकट, तिघांचा आकडा सारखाच. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलंय ते यासाठीच. तरी मला या रकान्याचा फार राग येत नाही. पारावरची तोंडी वही कारण लिहून ठेवते हे खरं, पण मागच्या निवडणुकीत तुम्ही कोणाच्या गाडीत बसला होता, हेही ती त्याच पानावर लिहिते.

थकलेलं कर्ज एकरकमी तडजोडीनं मिटवलेल्यांची अडचण आणखी अवघड. बेबाकीचा दाखला घडी करून पेटीत ठेवला, की माणूस निर्धास्त होतो. अहवालात मात्र 'सेटल्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे पूर्ण फिटलेलं नाही. पुढचा मॅनेजर ते वाचतो आणि चष्मा पुसायला घेतो.

चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो बघावा आणि तक्रार करावी. तीस दिवसांत तड लागली नाही, तर पुढं रोज १०० रुपये भरपाई, असा २०२४पासूनचा नियम आहे. हे ऐकल्यावर पारावरचा एक जण हिशेबाला लागला.

"रोज शंभर? मग दुरुस्तीची एवढी घाई काय?"

दुसरा म्हणाला, "शंभरात कापूस वेचायला तरी कोण येतंय?"