अर्थिंगवाले

परदेशातल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एकजण ढोलाच्या पथकाचा असतो, एकजण घरच्या चिवड्याचा आणि एकजण अर्थिंगचा. पहिले दोघे सणावारी उगवतात, अर्थिंगवाले मात्र बारमाही. गणपतीत माईक घुंऽऽ करायला लागला की गर्दीतून आवाज येतो, "अर्थिंग बघा." कुणाच्या घरी वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की, "अर्थिंग." एकदा कुणीतरी मुलीचं लग्न जमत नाही म्हणून गाऱ्हाणं सांगत होतं, तेव्हाही यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. वहिनींनी वेळेवर पुरी वाढली.

आमच्या डेट्रॉइटकडे हा माणूस हमखास सापडतो. वय पंचावन्नच्या पुढे, मूळ गाव सांगलीच्या अलीकडे-पलीकडे, पदवी इलेक्ट्रिकलची आणि नोकरी मोटारीच्या धंद्यात. नोकरीत मोटारीशी संबंध पार्किंगपुरताच. दिवसभर मीटिंगा आणि स्लाइडी. हाताला पाना लागून वर्षं लोटलेली. कॉलेजात असताना चेतक आडवी करून, पेट्रोल उतरवून, एका किकेत चालू करणारा हा गडी. त्याची ती भूक शेवटी घरच्या गॅरेजमध्ये भागते.

तिथे असते १९९० ची लाल माझदा मियाटा. वहिनींची रोजची गाडी बाहेर बर्फात आणि ही आत, वर चादर पांघरून. टपाला कापड, माणसं दोनच, बॅटरी डिकीत, आणि मुख्य कौतुक म्हणजे हेडलाइट. दिवसा ते बॉनेटच्या पातळीत मिटलेले असतात, खटका दाबला की टपकन वर येतात. खटकेही दोन. एकाने दिवे उठतात आणि लागतात. दुसऱ्याने नुसते उठतात, लागत नाहीत. या दुसऱ्या खटक्याचा उपयोग काय, असं कृपा करून विचारू नका.

विचारलंत तर सुरुवात १९३६ पासून होते. त्या सालच्या अमेरिकन कॉर्ड ८१० ला पुढच्या मडगार्डांत लपणारे दिवे होते आणि ते उघडायला डॅशबोर्डवर दोन बाजूंना दोन हँडलं होती, ती हाताने फिरवायची. मग अमेरिकेचे जुने नियम: दिवा ठरावीक मापाचाच हवा आणि जमिनीपासून ठरावीक उंचीच्या वरच हवा. गाडीचं नाक तर खाली, निमुळतं करायचं होतं. तेव्हा गाडी बनवणाऱ्यांनी तोड काढली, लागेल तेव्हाच दिवा वर आणायचा. पुढे नियम सैलावले, पादचाऱ्याला धडक बसली तर इजा कमी व्हावी म्हणून गाडीच्या पुढच्या अंगाबद्दल नवे नियम आले, आणि २००४ साली शेव्हरोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी आणि लोटस एस्प्री यांच्याबरोबर हा प्रकार संपला. "संपला" हा शब्द अर्थिंगवाले असा उच्चारतात की समोरच्याला वाटावं, सुतक पाळायचं राहिलं.

तर या गाडीचा उजवा दिवा रुसला. मियाटात प्रत्येक दिव्याला वेगळी मोटर असते, त्यामुळे एक उठतो आणि दुसरा उठत नाही, हे शक्य आहे. आणि ते घडलं देवळाच्या पार्किंगमध्ये, आरतीला माणसं जमत असताना. डावा दिवा टपकन वर आला. उजव्याने जरासं डोकं काढलं, विचार केला आणि तिथेच थांबला. गाडीने डोळा मारला होता आणि समोर मंडळाच्या माजी अध्यक्षीणबाई ताट घेऊन उभ्या होत्या. वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, निदान देवासमोर तरी आवरा तिला."

आता कुणालाही वाटेल, जगाला अर्थिंग सांगणारा माणूस आधी अर्थिंग बघेल. छे! स्वतःच्या गाडीचा प्रश्न आला की या लोकांची बुद्धी फार उच्च पातळीवर चालते. आधी रिले बदलला. मग मोटर उतरवली. तिच्या आत तांब्याच्या पट्ट्यांची एक चकती असते, दिवा पुरता वर आला की मोटरचा प्रवाह तोडणारी. तिच्यावर तीस वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. ते दाताच्या ब्रशने साफ झालं. ब्रश कुणाचा, यावर घरात निराळी चौकशी झाली. दिवा तसाच.

मग संशय गेला आधीच्या मालकावर. जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये आधीचा मालक हे कायमचं खलपात्र असतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा रास्तही असतं. इथे त्याने कधीकाळी चोरघंटा बसवली होती. घंटा गेली, तिच्या वायरी राहिल्या. डॅशबोर्डखाली टॉर्च तोंडात धरून उताणं पडल्यावर त्या दिसल्या: मूळच्या वायरी न सोलता त्यांच्यावर चावून बसवलेले निळे प्लॅस्टिकचे चिमटे. आतलं पातं तांब्याच्या निम्म्या तारा कापतं आणि उरलेल्या निम्म्यांना गंज चढतो. अर्थिंगवाल्यांनी एकेक चिमटा काढला, तारा पिळल्या, डाग दिला, वर आकसणारी नळी चढवली. काम देखणं झालं. दिवा तसाच.

"अहो, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना," मी जपून म्हणालो, "अर्थिंग?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहाचा कप खाली ठेवला. "ते मी बघितलंय. बीप वाजतो."

इथे थांबायला हवं. मीटरचा बीप कसा फसवा असतो, हे मला यांनीच शिकवलं होतं. मीटर जेमतेम नावापुरता प्रवाह सोडतो, त्याला केसाएवढी तार पुरते आणि तो खुशाल बीप देतो. मोटरला कित्येक अँपिअर लागतात, ते त्या केसातून जात नाहीत. म्हणून खटका दाबून मोटरवर ताण आणायचा, मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार दिव्याच्या अर्थला, आणि व्होल्ट मोजायचे. आकडा शून्याच्या आसपास राहिला तर ठीक. व्होल्टांत गेला तर मोटरच्या वाट्याची वीज अर्थच खातोय. हे त्यांनी मंडळातल्या निम्म्या पुरुषांना आणि एका भटजींना समजावलेलं आहे.

शेवटी केव्हातरी, कुणी बघत नसताना, त्यांनी तसं मोजलं. आकडा चांगला पाच व्होल्टांच्या वर गेला. दिव्यामागचा अर्थचा बोल्ट खोलला, तर रिंगखाली लाल रंगाचा गुळगुळीत, सुबक थर. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजारभर फूट खाली मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ ओतलं जातं, त्यामुळे पत्र्याला गंज ठरलेला. त्याच गंजावर आदल्या उन्हाळ्यात घरच्या घरी रंगकाम झालं होतं. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जी काही थोडीफार जात होती, तिच्यावर बीप वाजत होता.

ही हकिगत अर्थिंगवाले आता स्वतःच सांगतात, फार रंगवून सांगतात. "रिंगखाली रंग लागलेला होता," असं ते म्हणतात. कुणी लावला, ते त्या वाक्यात येत नाही. आणि समारोपाला विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघून, "मी म्हणत होतो की नाही? अर्थिंग!"

खरंच म्हणत होते. त्यामुळे वादही घालता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घेणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. दिवा अंधारात अडकला तर आधी रिट्रॅक्टरचा, म्हणजे दिवे उठवणाऱ्या मोटरचा, फ्यूज काढा, नाहीतर मोटर अचानक फिरून बोटं सापडतील. मग मोटरवरची रबरी टोपी काढा, खालची गुंडी हाताने फिरवा, दिवा वर येतो. आणि अर्थची रिंग बसवण्याआधी खालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरवडा. रंग द्यायचाच असेल तर बोल्ट आवळल्यावर, वरून द्या.