धूरमामा

जुन्या मोटरसायकलला किक मारली आणि सायलेन्सरमधून धूर निघाला, की कोल्हापुरात दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिली, तोंडावर रुमाल धरून गाडीवाल्याच्या घराण्याचा उद्धार करणारी. दुसरे धूरमामा. ते एक पाऊल पुढं येतात, नाक किंचित वर करतात आणि हात उंचावून म्हणतात, "बंद करू नगंस. चालू ऱ्हाऊ दे."

मामांचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं. मंगळवार पेठेत एक असतात, शिवाजी पेठेत एक असतात, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत विचारू नये. वय साठीच्या पुढं. तरुणपण उद्यमनगरात कुठल्यातरी लेथवर गेलेलं, त्यामुळं मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटानं कळतो असा दावा. शर्टाच्या खिशात पेन असतं, पण पाना किंवा पक्कड कधीच नसते. मामा दुरुस्तीला हात लावत नाहीत. ते फक्त निदान करतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. म्हणूनच बहुधा त्यांचं कुणी ऐकत नाही.

निदानाची जागा ठरलेली. एखादी पावसानं काळी पडलेली कंपाउंडची भिंत शोधायची आणि गाडीची पाठ तिच्याकडं करायची. उघड्या आभाळासमोर निळा धूर मळकट, करडा दिसतो. मागं काळं असलं की त्याचा निळेपणा बाहेर येतो. मग मामा उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि तुमचा रुमाल मागतात. त्यांचा स्वतःचा कधीच नसतो. मामींनी घरातले रुमाल कपाटात कुलूपबंद केल्याला बरीच वर्षं झाली. रुमाल सायलेन्सरच्या तोंडापुढं धरायचा. ओलसर झाला तर पाणी, कोरडी काजळी आली तर पेट्रोल जास्त, तेलकट ठिपके पडले तर ऑइल. रुमाल परत मिळतो, पण तो घ्यावासा वाटत नाही.

पांढऱ्या धुराला मामा सहसा आजार मानायलाच तयार नसतात. थंडीतल्या सकाळी पाचदहा मिनिटं दिसून गेला, तर ती वाफ. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभरच पाणी तयार होतं, ते गार सायलेन्सरमध्ये थंड होऊन वाफेसारखं दिसणारच. मात्र हल्ली मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं तयार होऊन येतात. एकानं सांगितलं, "मामा, हेड गॅस्केट उडालंय, कूलंट जळतंय." मामा शांतपणे उठले, त्याच्या स्प्लेंडरला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "पाणी कुठनं घालतोस रं हिला?" वाऱ्यानं गार होणाऱ्या इंजिनात पाणी नसतंच, हे पोराला व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं.

काळ्या धुराला तर ते उठूनही बसत नाहीत. "चोक बघ," एवढंच. चोक ओढलेला नसेल तर एअर फिल्टर, फिल्टर साफ असेल तर फ्लोटची सुई. हवा कमी किंवा पेट्रोल जास्त, तिसरं कारण नाही. काळ्या धुरासाठी इंजिन उघडणाऱ्या फिटरबद्दल ते जे बोलतात ते छापता येणार नाही.

पण निळा धूर दिसला की मामांचा चेहरा उजळतो. फोर-स्ट्रोक गाडीत निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय, एवढं कोणीही सांगेल. मामांचा प्रश्न पुढचा: कुठल्या वाटेनं पितंय? खालून, म्हणजे पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांजवळून? की वरून, व्हॉल्व्हच्या दांडीला असलेल्या रबरी सीलमधून? रिंगांबरोबर सिलेंडरही झिजला असेल तर तो लेथवर बोअर करायचा, मोठ्या मापाचा पिस्टन टाकायचा आणि वर महिनाभर गाडी बैलगाडीसारखी हाकायची. सील गेलं असेल तर हेड उघडावं लागतं, पण सिलेंडर जागचा हलत नाही आणि खिसाही फारसा हलत नाही. रोगी तोच, रंग तोच, बिलात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. फिटरला हा फरक कळत नाही असं नाही. त्याला तो विचारला जात नाही, इतकंच.

म्हणून मामांची पहिली चौकशी गाडीच्या तब्येतीची नसून वेळापत्रकाची असते. "कवा येतो धूर?" सकाळी पहिल्या किकला एक लोट आला आणि मग साफ? रात्रभर ऑइल सीलमधून खाली झिरपलंय. दिवसभर येतो, रेस वाढवली की वाढतो? रिंगा. "सारखाच येतो की ओ" असं मोघम उत्तर आलं की मामा ठेवणीतला उपाय काढतात.

"पन्हाळ्याला जाऊन ये."

समोरच्याला वाटतं हा नवस सांगतोय. मामा समजावतात: मागं एक माणूस बसव, त्यानं फकस्त मागं बघायचं. वाघबीळपासून चढाला गाडी रेस भरून सतत निळा धूर टाकत असेल तर रिंगा. चढाला साफ असेल, पण उतरताना रेस सोडून खाली आल्यावर परत मूठ पिळली की एकदम भपकारा येत असेल, तर सील. कारण उताराला रेस बंद असते, चाकं इंजिनाला फिरवत असतात आणि इंजिन आत जोराची ओढ निर्माण करतं. त्या ओढीनं व्हॉल्व्हच्या दांडीजवळून ऑइल आत येतं आणि पुढच्या रेसला जळतं. इतकी स्वस्त आणि नेमकी तपासणी मला दुसरी माहीत नाही. दोष एकच. गेलेले दोघं झुणका-भाकर खाऊन संध्याकाळी परततात आणि मागं बघायचं राहून गेलं असं सांगतात.

मामांचं खरं प्रेम टू-स्ट्रोकवर. तिथं पेट्रोलबरोबर ऑइल जळायचंच असतं, म्हणजे थोडा निळा धूर हा आजार नसून प्रकृती. गवळ्याच्या किटल्या लटकवलेली राजदूत, कॉलेजच्या पोरांची आरएक्स १००, जोडसायलेन्सरची येझदी, या त्यांच्या तारुण्याच्या सोबतिणी. 1996 हे त्यांच्या लेखी काळं वर्ष आहे. आरएक्स १०० चं उत्पादन त्या साली थांबलं आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही तेव्हाच बंद पडला. मामांच्या घरात त्या साली आणखी काही घडलं असेल तर ते त्यांना आठवत नाही. टू-स्ट्रोकमध्येही पांढरट दाट लोट आला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल आपोआप कमी होत असेल, तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळत असतं. हे निदान मामा चालत्या गाडीवरही करतात. सिग्नलला अनोळखी माणसाला ओरडून सांगतात, "ओ पाव्हणं, क्लचकडचं सील गेलंय!" पाव्हणे घाबरून क्लचची दांडी दाबून बघतात. ती चांगली लागते, म्हणून मामांकडे कीव केल्यासारखं बघून निघून जातात.

रंकाळ्यावर संध्याकाळी लोक हवा खायला येतात, मामा रस्त्याकडं तोंड करून बसतात. वरातीत नवरा-नवरीऐवजी पुढच्या बुलेटचा सायलेन्सर बघतात. एका सांत्वनाच्या बैठकीत, सगळे गप्प असताना, बाहेरून गेलेल्या गाडीचा वास घेऊन ते हळूच "रिंगा" म्हणाल्याचं सांगतात. मला ते खरं वाटतं.

पीयूसीशी त्यांचं हाडवैर. पंपावरचं यंत्र गाडी उभी, रेस न देता चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतं. 31 मार्च 2000 पर्यंत बनलेल्या दुचाकीला साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत सूट आहे. धुराचा रंग कोणता, हे यंत्र विचारतच नाही. त्यामुळं पन्हाळ्याच्या चढावर निळा पडदा सोडणारी गाडी खाली येऊन कागद घेऊन जाऊ शकते. "मशिनला डोळं हायत का?" मामा विचारतात. इथं मी त्यांच्या बाजूचा आहे.

अलीकडं पेठेत नवा पंथ निघालाय, सगळा दोष इथेनॉलला देणारा. निळा धूर, काळा धूर, पंक्चर, सगळं इथेनॉलमुळं. ऊस आपला, कारखाना आपला, आणि शिव्या पंपावरच्या पोराला. मामा ऐकून घेतात. जुन्या कार्बोरेटरच्या रबराला इथेनॉल सोसत नाही हे ते मान्य करतात, पण निळा धूर त्याच्या माथी मारू देत नाहीत. "ऑइल जळल्याबिगर निळा येत न्हाई. ऊस न्हवं, ऑइल."

मामा त्रासदायक आहेत, यात शंका नाही. पाच मिनिटांच्या निदानाला दीड तास लावतात, त्यात येझदीवरून गोव्याला गेल्याची कथा असते आणि ती दर वेळी वेगळ्या रस्त्यानं जाते. पण इंजिन उघडण्याआधी आपल्याकडं प्रश्न विचारणारा माणूस एवढाच उरलाय. बाकी सगळे पाना घेऊनच येतात.

तेव्हा घरातली जुनी गाडी धूर टाकत असेल, तर फिटरकडं नेण्याआधी एकदा मामांना दाखवा. सकाळी जा, इंजिन गार असताना. तापवून नेलीत तर दुसऱ्या दिवशी परत यायला सांगतील. ऑइल किती दिवसांत किती कमी होतं ते आधी गेजवर बघून ठेवा, आणि वॉशिंग सेंटरवाल्यानं वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तर तेही सांगा, कारण जादा भरलेलं ऑइलसुद्धा निळाच धूर देतं. रुमाल जुना न्या.