उचलली फाइल, लावली नकाशाला

ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा फुकट नकाशा. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. कुणीही यावं, आपली गल्ली काढावी, दुसऱ्याची चुकलेली दुरुस्त करावी. पण एकेक गल्ली काढायला वेळ लागतो. वेळ कुणाला आहे?

मग कुणीतरी फाइल घेऊन येतं.

फाइलमध्ये अख्खा जिल्हा असतो. रस्ते, शाळा, तळी, सगळं. शिवाय सरकारी, म्हणजे अचूकच असणार! ज्याने आयुष्यात कधी सातबारा काढलेला नाही, त्याला हे चटकन पटतं.

फाइल उतरवता आली म्हणजे ती वापरायची परवानगीही मिळाली, असा आणखी एक गोड समज असतो. लायसन्स नावाची गोष्ट वाचायची असते, हे बहुधा अपलोड झाल्यावर कळतं. वरातीमागून घोडं.

फुकट ते पौष्टिक, असं मानून अमेरिकेने २००७-०८ मध्ये पोटभर जेवून घेतलं. तिथल्या जनगणना खात्याचा ‘टायगर’ नावाचा रस्त्यांचा डेटा जवळजवळ अख्ख्या देशावर ओतला गेला. रिकामा नकाशा भरला. टाळ्या झाल्या.

मग कुणीतरी झूम करून पाहिलं.

रस्ते जागेवरून सरकलेले. शेतातली वाट आणि कुणाच्या तरी खासगी बंगल्याची वाट, दोन्ही ‘निवासी रस्ता’ म्हणून मिरवताहेत. डेटा काउंटीगणिक चढवलेला, त्यामुळे काउंटीच्या हद्दीवर कित्येक ठिकाणी अलीकडचा रस्ता पलीकडच्याला भेटतच नाही. डोळ्यांना एकच रस्ता दिसतो, पण मार्ग शोधणाऱ्या यंत्राला तिथे जग संपलेलं दिसतं.

मग जनगणना खात्याचं चुकलं का? अजिबात नाही. कुठलं घर रस्त्याच्या कुठल्या अंगाला, म्हणजे कुठल्या ब्लॉकमध्ये मोजायचं, एवढंच त्यांना हवं होतं. रस्ता थोडा इकडे सरकला म्हणून माणसं मोजायचं अडत नाही. गाडी चालवणाऱ्याचं अडतं, पण त्याच्यासाठी तो डेटा केलाच कुणी होता?

आणणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक रस्त्याला एक चिठ्ठी डकवली: ‘टायगर रिव्ह्यूड: नो’. तपासलेलं नाही. तपासायचं कुणी, हे मात्र चिठ्ठीत नव्हतं. असंख्य रस्त्यांवर ती अजून तशीच आहे.

त्याच अमेरिकेच्या स्थळनावांच्या सरकारी यादीतून शाळा आणि चर्चेसही आली. त्यातल्या कित्येकांच्या नावापुढे कंसात ‘हिस्टॉरिकल’ असं छापलेलं, म्हणजे आता तिथे काही नाही. तरी नकाशावर ठिपका उमटलाच. यंत्राला कंस वाचायची सवय नसते, आणि माणूस तेव्हा आकडे मोजत होता.

कॅनडात सरकारी डेटातून जंगलं आणली. मूळ नकाशाचा कागद जिथे संपतो, तिथे जंगलही सरळ रेषेत कापलं गेलं. कॅनडात झाडं पट्टी धरून उगवतात.

आणि अक्षांश-रेखांशांची अदलाबदल हा तर सदाबहार प्रकार! मुंबई साधारण १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. आकडे उलटे भरा, की मुंबई नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्याही उत्तरेला, थेट समुद्रात. पाणी तुंबायचा प्रश्न तेवढा कायमचा मिटतो.

‘अहो, एवढं आयतं मिळतंय, तर कुरकुर कसली?’ धर्माची गाय अन् दात का नाय, असं आपल्याला सुनावलं जातं. पण ही गाय दारात बांधून दाता पसार होतो. चारा घालायचा कुणी?

परत पाठवता येते की! पण घाई करावी लागते. नकाशातल्या प्रत्येक वस्तूचा इतिहास नोंदलेला असतो. जिला अजून कुणी हात लावलेला नाही, ती यंत्राने झटक्यात उडवता येते. पण मध्येच एखाद्या भल्या माणसाने रस्त्याचं नाव सुधारलं, दुसऱ्याने वळण सरळ केलं, तिसऱ्याने त्याला पूल जोडला, की संपलं. आता उडवायचं तर या तिघांची मेहनतही उडते, म्हणून एकेक वस्तू डोळ्यांनी पाहून ठरवायची. चढवायला एक रात्र, उतरवायला काही वर्षं. थोडक्यात, जितकी माणसं प्रामाणिक, तितका कचरा पक्का.

हे निस्तरायला ‘डेटा वर्किंग ग्रुप’ नावाची मंडळी आहेत. तीही बिनपगारी.

तर मग असे घाऊक फायली ओतण्याचे ‘इम्पोर्ट’ बंदच करावेत का? तसंही नाही. २००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्समधल्या रस्त्यांचं जाळं दान केलं, सोबत भारत आणि चीनमधले मोठे रस्तेही दिले. नेदरलँड्समध्ये ते जाळं सांभाळायला गल्लोगल्ली मॅपर होते. पुढे २०१४ मध्ये सरकारी नोंदींतल्या इमारती आणल्या, त्याही स्थानिकांनीच, तपासत तपासत. आपल्याकडे २००७ मध्ये मोठ्या रस्त्यांवर नजर ठेवणारे किती होते? एका हाताची बोटं पुरावीत, असं म्हणण्याचा मोह आवरतो. दाता तोच, ताट वेगळं.

आता यंत्रं उपग्रहचित्रं पाहून स्वतःच घरं काढतात. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या सुमारे साडेबारा कोटी इमारतींच्या बाह्यरेषा खुल्या केल्या. कुणाच्या तरी बोटांना लगेच खाज सुटली असणार.

नियम आहेत. आधी स्थानिकांशी बोला, लायसन्स तपासा, योजना लिहून सर्वांसमोर मांडा. आणि इम्पोर्टसाठी वेगळं खातं उघडा. हे शेवटचं कशासाठी? म्हणजे काय काय उडवायचं ते एका जागी सापडतं. आणि त्या खात्याचा मालक? तो पुढच्या जिल्ह्याची फाइल उतरवून घेतोय.