कॅमेऱ्याकडची बाजू

गिरणगावात मोटार बसण्यासाठी नसे, बघण्यासाठी असे. लालबाग, परळ, काळाचौकी या पट्ट्यात जो वाढला, त्याची मोटारीशी ओळख बाहेरूनच झाली. माझे वडील साचेखात्यात होते. दुपारी पाळी सुटायची, गेटाबाहेर माणसांचा लोंढा यायचा आणि नेमक्या त्याच वेळी शेठची फियाट बाहेर पडायची. लोंढा दोन बाजूंना व्हायचा, गाडी मधून जायची. वडिलांना त्या गाडीचं बंपरपासून डिकीपर्यंत वर्णन पाठ होतं. आतलं मात्र एवढंच ठाऊक, की शेठ मागे डावीकडे बसतात.

पुढे टीव्ही आला, त्यानंही तेच केलं. वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या मजल्यावर टीव्ही एका खोलीत आणि उरलेला मजला त्या खोलीच्या दारात. मोटारी आता दारातून दिसायला लागल्या, एवढाच फरक. त्यामुळे टीव्हीसाठी सजवलेली जुनी मोटार कुणी विकत घेणारच असेल, तर तो माणूस लालबागचाच निघणार, हे विधिलिखित होतं. तो मी निघालो.

गिरणी संपावर एक मालिका सुरू झाली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप रीतसर असा कधी मागे घेतलाच गेला नाही. मालिका मात्र टीआरपीनं फार लवकर मागे घ्यायला लावली. मालिका बंद पडली की तिची ‘प्रॉपर्टी’ विकायला निघते. इथे प्रॉपर्टी म्हणजे कंदील, पितळी डबे, पत्र्याच्या ट्रंका, भिंतीवरचं घड्याळ. आमच्या सौ.चा भाचा सेटवर आर्ट डिपार्टमेंटला. तो म्हणाला, “काका, शेठची गाडी जातेय. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. खास मालिकेसाठी नवी केलेली.”

डिलाइट हा शब्द ऐकला आणि माझ्यातला बँकेतला निवृत्त कारकून हरपला. या गाडीचं कुळच तसं आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला, साखर काढली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाट आली. तिच्या थोरल्या भावंडाला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे, आणि तेसुद्धा लाडानं. १९६४ मध्ये डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच आधी प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी झाली. अंग तेच, १०८९ सीसीचं इंजिन तेच, गिअरचा दांडाही तसाच स्टिअरिंगखाली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी बारा हजारांची फियाट घेतली, तीही पाच हजारांचं बँक कर्ज काढून. पंतप्रधानानं कर्ज काढावं अशी ही गाडी. मी किती दिले ते इथे सांगत नाही, कारण सौ.ला सांगितलेला आकडा वेगळा आहे आणि ती मासिकं वाचते.

शिवाय माझी तयारी होती. डिस्कव्हरीवर ‘व्हीलर डीलर्स’ नावाचा इंग्रजांचा कार्यक्रम मी भक्तिभावानं बघत आलोय. एक जण जुनी गाडी घासाघीस करून आणतो, दुसरा बाह्या सरसावून ती नीट करतो आणि जाहिराती धरून तासाभरात गाडी नफ्यात विकली जाते. आमच्याकडे तासाभरात मेकॅनिक फक्त चहा पिऊन परत येतो, हा भेद मला माहीत होता. पण इथे तर मेकॅनिकचं काम आधीच झालेलं होतं. खर्च निर्मात्यानं केला होता. मला फक्त नफ्याच्या बाजूनं आत शिरायचं होतं.

गोरेगावच्या गोदामात गाडी भिंतीला लावून उभी होती. डावी बाजू आमच्याकडे. काय सांगू! मरून रंग असा, की त्यात मी माझा भांग पाडला. क्रोमच्या पट्ट्या, चकचकीत व्हीलकॅप, मागच्या सीटला क्रीम रंगाचं रेक्झिन. मी भाच्याकडून शिकलेला प्रश्न टाकला, “चालते का?”

गोदामवाला म्हणाला, “साहेब, शेठ बसला की चालते.”

हे मला आध्यात्मिक वाटलं. त्याचा अर्थ असा होता की शेठचं काम करणारा नट आत बसला, दिग्दर्शक ‘ॲक्शन’ म्हणाला, की फ्रेमच्या बाहेर वाकलेले चार स्पॉटबॉय मागून ढकलायचे.

गाडी क्रेनवरून लालबागला आली. पुलाखालून वळली, चिवडा गल्लीजवळ थोडी थबकली आणि चाळीच्या अंगणात उतरली. तेव्हा तिची उजवी बाजू पहिल्यांदा दिसली. तिथे मरून नव्हता. तिथे राखाडी प्रायमर होता, त्यावर पुट्टीची ठिगळं होती आणि मागच्या दाराला हँडलच्या जागी सुतळी होती. शेठ बसतात डावीकडे, उतरतात डावीकडे, त्यामुळे कॅमेरा कायम डावीकडे. जी बाजू टीव्हीवर दिसणार नाही, तिच्यावर रंग कशाला वाया घालवायचा?

लालबागच्या माणसाला यात दचकण्यासारखं काही नव्हतं. परळच्या कार्यशाळांत पंधरा-पंधरा फुटांच्या मूर्ती बघत आम्ही मोठे झालो. पुढून पितांबराची घडी न् घडी रंगवलेली आणि पाठीमागे कोरं प्लास्टर. म्हणून काय कुणी देवाला पाठ दाखव म्हणतं?

मी गाडी अशी लावली की मरून बाजू आमच्या चाळीच्या गॅलऱ्यांकडे आली. ओघानंच राखाडी बाजू समोरच्या चाळीकडे गेली. आमच्या चाळीत “काय गाडी घेतलीय!” आणि समोर “कसलं भंगार उचललंय!” अशी दोन मतं एकाच संध्याकाळी तयार झाली. दोन्ही चाळींतली माणसं नाक्यावर भेटली की रंगावरून वाद घालायची आणि दोन्ही बाजू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची शपथ घ्यायच्या. दोघंही खरं बोलत होते.

आतलं कसब तर त्याहून वरचं. वेगाचा काटा चाळीसवर चिकटवलेला होता, कारण एका क्लोजअपमध्ये शेठ चाळीसच्या वेगानं संतापतात. हेडलाइट लागत, पण डिकीत ठेवलेल्या वेगळ्या बॅटरीवर. पुढची काच दोन मिनिटांत काढता येई, कारण कॅमेऱ्याला समोरून शेठचा चेहरा हवा आणि काचेत मात्र लाइटवाल्याचा दिसतो. हॉर्नच्या जागी भोक. हॉर्न नंतर एडिटिंगमध्ये घालायचा. बॉनेट उघडलं तर इंजिन होतं. ते बघून मला गहिवरून आलं.

पण चाळीला खरा धक्का बसला तो गाडीची ओळख पटल्यावर. तळमजल्यावरच्या आजींनी मालिका पहिल्या भागापासून पाहिली होती. त्या काठी टेकत आल्या आणि बॉनेटवर काठी आपटून म्हणाल्या, “मेल्या, बोनस बुडवतोस?” मी म्हटलं, “आजी, हा मी आहे.” त्या म्हणाल्या, “तुला नाय रे, ह्या गाडीला.” मग रोज सकाळी भाजी आणायला जाताना एक शिवी ठरलेली. भाजी महागली की दोन.

दुसऱ्या मजल्यावरचे नाना वडिलांच्याच खात्यातले. संपानंतर कोकणात गेले, तिथे करमेना म्हणून लेकाकडे परत आलेले. ते आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, राखाडी बाजूला काहीच बोलले नाहीत आणि डावं मागचं दार उघडून आत बसले. बराच वेळ बसले. मग काच खाली करून म्हणाले, “अरे, ह्यातून बाहेरचं काय पण दिसत नाय रे. काच एवढीशी. आम्ही उगाच म्हणायचो, शेठ आमच्याकडे बघत नाय.”

ही बातमी परळपर्यंत गेली. मग जुने साचेवाले, बदलीवाले, जॉबर, कुणी नातवाचा हात धरून, कुणी वॉकर घेऊन येऊ लागले. प्रत्येकाला मागे डावीकडेच बसायचं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसायला एकही तयार होईना. एक मामा तर घरून काळा कोट घेऊन आले, फोटोपुरता. बसल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे बघून हात असा हलवला, की मी नकळत दोन पावलं मागे सरलो.

तरीही गाडी चालवावी, असा हट्ट मला होताच. म्हणून नागपाड्याच्या उस्तादांना आणलं. त्यांचा जन्म काळ्या-पिवळ्या पद्मिन्यांखाली आडवं पडण्यात गेलेला. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून १९६४ ला सुरू झालेला हा टॅक्सीचा वंश मुंबईच्या रस्त्यावरून उठला. त्या दिवशी उस्तादांनी गॅरेजचं शटर वर केलं नाही. माझी गाडी पाहून ते आधी खूश झाले, मग बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि आतूनच म्हणाले, “इसको रंग किसने मारा? दर्जी ने?”

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. चोरबाजारात कार्बुरेटर मिळाला. तो दुकानदार मला ओळखू लागला, म्हणजे भाव वाढवू लागला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पेट्रोलपंपाचं डायफ्रॅम मिळालं. जिथे ही गाडी जन्मली, त्या कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. पण तिचे हातपाय अजून कुर्ल्यातच विकले जातात, ही मायेची गोष्ट आहे. इंजिन एकदा लागलं, अख्खी चाळ धुरात गेली, टाळ्या पडल्या आणि ते बंद झालं. उस्ताद म्हणाले, आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. म्हणजे जन्मभर पेट्रोल पिऊन वाढलेल्या या बाईला म्हातारपणी उसाचा रस पाजायचा आणि वर पचत नाही म्हणून नळ्या बदलायच्या.

त्यातच मला २०२१ चा नियम सापडला. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट एवढीच, की ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही आत्ता करताय तेच. त्याला वीस हजार कशाला?” तरी मी अर्ज भरला. हॉर्निमन सर्कलवरून जुन्या गाड्यांची रॅली निघते, तिथे आपल्या डिलाइटचा मरून गाल लोकांपुढे करत जावं, हे माझं स्वप्न होतं. नियमात पुढे एक ओळ होती, की अशा गाडीचा व्यावसायिक वापर करता येणार नाही. ती वाचून मी हसलो. जी गाडी पुढे जात नाही, ती धंदा काय करणार?

गणपतीत मंडळाच्या पोरांनी तिला देखाव्यात घेतलं. विषय ‘गिरणी कामगारांचा लढा’. शेठचा पुतळा मागे डावीकडे, बाहेर कामगारांचे पुतळे मुठी वळून. राखाडी बाजूला कापडी पडदा लागला आणि समोरच्या चाळीनंही पहिल्यांदा रांगेत उभं राहून मरून बाजू पाहिली. रंगाचा वाद मिटला. आजींनी दहा दिवस शिव्या बंद ठेवल्या. गाडी देवासमोर होती म्हणून.

त्या गर्दीतच एका नव्या मालिकेचा माणूस होता. दुसऱ्या दिवशी तो वहीपेन घेऊन घरी आला. त्यांना सत्तर सालच्या डॉक्टरसाठी गाडी हवी होती. दररोजचं भाडं त्यानं जे सांगितलं, ते ऐकून माझं पेन्शन बारीक झालं. मी मात्र कारकून. खरं ते आधीच सांगितलं, “हे बघा, उजव्या बाजूला रंग नाही.”

“आमचा डॉक्टरही डावीकडूनच उतरतो.”

“आणि ती चालत नाही.”

तो वहीतून मान वर करून म्हणाला, “एकदम बेस्ट. आमचं सिंक साउंड आहे. चालणाऱ्या गाडीच्या आवाजात नटांचे डायलॉग ऐकू येत नाहीत. गेल्या महिन्यात एक चालणारी आणली होती, परत पाठवली.”

‘व्हीए’चा अर्ज मी त्याच्या डोळ्यांदेखत ड्रॉवरमध्ये टाकला. उस्तादांना फोन करून सांगितलं, इंजिनाला हात लावू नका. ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “चालीस साल में पहली बार किसी ने बोला, ठीक मत करना.”

चहाचे कप उचलताना सौ. म्हणाली, “बघा. जागेवरनं न हलता या घरात पैसे मिळवणारं कुणीतरी एकदाचं निघालं. तुम्ही इतकी वर्षं नुसतेच न हलता बसलात.”